टांझानियातील साक्षरता मोहीम आणि स्वयंसेवक शिक्षक

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत ‘म्वालिमू’ म्हणजे शिक्षक. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे (१९२२–१९९९) यांना त्यांचे देशबांधव अखेरपर्यंत याच नावाने संबोधीत. राजकारणात येण्यापूर्वी ते शाळेत शिकवीत असत, एवढेच त्यामागील कारण नव्हे. साऱ्या देशाकडे एक वर्ग म्हणून पाहण्याची त्यांची दृष्टी होती. १९९५ सालचा पहिला गांधी शांतता पुरस्कार भारत सरकारने त्यांनाच दिला. त्यांच्या कारकीर्दीत झालेली प्रौढ साक्षरतेची मोहीम ही स्वयंसेवी अध्यापनाच्या इतिहासातील एक मोठी घटना होय. तिचे यश जितके बोधप्रद आहे, तितकीच तिची पुढील कथाही.

१९६१ मध्ये टांगानिका स्वतंत्र झाला आणि १९६४ मध्ये झांझिबारशी त्याचे संयुक्तीकरण होऊन टांझानिया अस्तित्वात आला. १९६७ च्या जनगणनेच्या सुमारास तेथील प्रौढांपैकी सुमारे ६७ टक्के लोक निरक्षर होते. शाळा थोड्या, प्रशिक्षित शिक्षक त्याहून थोडे आणि वस्ती विरळ व विखुरलेली. अशा वेळी कोणतेही सरकार प्रथम मुलांच्या शाळांकडे वळेल. न्येरेरे यांनी मात्र १९६४ मध्येच सांगितले होते की, मुलांच्या शिक्षणाची फळे दिसण्यास पाच, दहा, वीस वर्षे लागतील. प्रौढांच्या विचारांत पडलेला फरक शेतात आणि घरात आजच दिसेल. म्हणून प्रौढांपासून आरंभ करावयाचा, असे ठरले.

१९७० हे वर्ष ‘प्रौढशिक्षण वर्ष’ म्हणून पाळण्यात आले. १९७१ मध्ये सहा जिल्ह्यांत निरक्षरता संपविण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. हिंदी महासागरातील माफिया आणि व्हिक्टोरिया सरोवरातील उकेरेवे ही बेटे त्यांत होती. पुढे मोहीम देशभर पसरली. शिकवावयाचे कोणी, हा प्रश्न होता. प्राथमिक शाळेचे शिक्षक मुलांची शाळा सुटल्यावर प्रौढांचा वर्ग घेत. सरकारी नोकर, धर्मोपदेशक, पक्षाचे कार्यकर्ते पुढे आले. पण मोठा भार उचलला तो सातवी उत्तीर्ण झालेल्या गावातीलच तरुण-तरुणींनी. त्यांना अल्पकाळाचे प्रशिक्षण मिळे आणि महिन्याकाठी सुमारे ३० शिलिंग मानधन. हे वेतन नव्हे. कामाची जाणीव म्हणून दिलेली अल्प रक्कम होती. वर्ग शाळेत भरत, तसेच झाडाखाली किंवा कोणाच्या अंगणातही भरत. शिकणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होती.

सातवी शिकलेल्या तरुणाला हे काम पेलले, याचे एक कारण भाषेत आहे. टांझानियात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. पण स्वाहिली ही सर्वांना जोडणारी भाषा होती आणि न्येरेरे यांच्या शासनाने प्राथमिक शिक्षणासाठी तिचाच स्वीकार केला. स्वाहिली रोमन लिपीत लिहिली जात असली तरी इंग्रजीप्रमाणे तिचे लेखन आणि उच्चार यांत अंतर नाही. तिचे बहुतेक शब्द स्वरान्त असतात. ‘पाम्बा’ म्हणजे कापूस. या शब्दातील ‘पा’ ओळखता आला की त्यामागून पे, पी, पो, पू ही मालिका शिकविता येते. बाराखडी गिरवून अक्षरे शिकलेल्या आपल्यासारख्यांना ही वाट नवीन वाटणार नाही. पाच स्वर आणि मोजकी व्यंजने यांच्या जोडणीतून प्रौढ विद्यार्थी काही महिन्यांत लहान वाक्ये वाचू लागे. शिवाय या भाषेत ‘चपाती’, ‘गारी’ (गाडी), ‘लाकी’ (लाख) असे हिंदुस्थानातून गेलेले शब्दही आहेत. शतकानुशतकांच्या सागरी व्यापाराची ती खूण होय.

दुसरे कारण पाठ्यपुस्तकांचे. १९६८ ते १९७२ या काळात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वान्झा परिसरात युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रायोगिक प्रकल्प चालला. साक्षरतेचे पुस्तक शिकणाऱ्याच्या उद्योगाभोवती गुंफावयाचे, हे त्याचे सूत्र. कापूस पिकविणाऱ्यांसाठी कापसाचे, कोळ्यांसाठी मासेमारीचे, तसेच केळी, मका, तंबाखू, भात, गुरे, गृहव्यवस्था अशी निरनिराळी पुस्तके निघाली. पाठाचा आरंभ अक्षरापासून होत नसे, चर्चेपासून होई. पेरणी केव्हा करावी, कीड कशी रोखावी, यावर वर्ग बोले. मग त्या बोलण्यातील एक वाक्य, वाक्यातील शब्द, शब्दातील अक्षर अशी उतरण असे. चाळीस वर्षे शेती केलेल्या माणसापुढे अठरा वर्षांचा मुलगा शिक्षक म्हणून उभा राहतो, तेव्हा दोघांचाही मान राखणारी हीच पद्धत होती. शेतीचे ज्ञान एकाचे, अक्षराचे दुसऱ्याचे.

ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत आकाशवाणी पोहोचली. १९७३ मध्ये ‘म्तु नी आफ्या’ म्हणजे ‘आरोग्य हाच माणूस’ अशा अर्थाची मोहीम झाली. बारा आठवडे गावोगाव अभ्यासगट रेडिओभोवती बसत, कार्यक्रम ऐकत आणि पुस्तिका वाचून चर्चा करीत. या गटांसाठी सुमारे ७५,००० गटप्रमुख तयार करण्यात आले होते. सुमारे २० लाख लोक सहभागी झाले. चर्चेनंतर गटाने काही प्रत्यक्ष काम करावयाचे असे. हिवतापाच्या डासांची डबकी बुजविली गेली, शौचालयांसाठी खड्डे खणले गेले.

या साऱ्याचा परिणाम राष्ट्रीय चाचण्यांत दिसला. १९७५ मध्ये निरक्षरतेचे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले, १९७७ मध्ये २७, १९८१ मध्ये २१ आणि १९८६ मध्ये ते दहा टक्क्यांच्याही खाली गेल्याचे शासनाने जाहीर केले. एका गरीब देशाने वीस वर्षांत हे साधले.

तथापि मोहिमेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा सारा मार्ग स्वेच्छेचा नव्हता. वर्गाला न येणाऱ्यांस दंड करण्याचे नियम काही ठिकाणी झाले. १९७० च्या दशकाच्या मध्यास विखुरलेल्या वस्त्या एकत्र आणताना सरकारने बळाचा वापर केला. त्यामुळे शाळा जवळ आली, तरी अनेकांना आपले घर सोडावे लागले. शिक्षणाच्या बाजूनेही एक गंभीर उणीव होती. चाचणी उत्तीर्ण झालेल्या शेतकऱ्याने पुढे वाचावयाचे काय? या प्रश्नाची जाणीव योजकांना होती. ‘एलिमु हैना म्विशो’ म्हणजे ‘शिक्षणाला अंत नाही’ या नावाचे ग्रामीण वृत्तपत्र काढले गेले, गावोगाव वाचनालये उघडली गेली. स्वतः न्येरेरे यांनी शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकांची स्वाहिली भाषांतरे केली होती. पण १९७८–७९ चे युगांडाशी झालेले युद्ध, तेलाच्या वाढत्या किमती आणि नंतरचे आर्थिक संकट यांनी तिजोरी रिकामी केली. कागद महागला, वृत्तपत्रे रोडावली, मानधन रखडले. स्वयंसेवक पांगले.

मुलांच्या शाळांवरही तोच ताण आला. १९७७ पासून सर्व मुलांना प्राथमिक शाळेत आणण्याचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा शिक्षकांची उणीव सातवी उत्तीर्ण तरुणांनीच भरून काढली; ते शाळेत शिकवीत आणि पत्रद्वारा व रेडिओवरून स्वतः शिकत. १९८० च्या दशकात पालकांवर पुन्हा शुल्क आले आणि पटसंख्या घसरली. प्राथमिक शाळेचे शुल्क २००१ मध्ये रद्द झाले, तेव्हा मुले पुन्हा लोटली. पण २००२ च्या जनगणनेत साक्षर प्रौढांचे प्रमाण सुमारे ६९ टक्केच आढळले. मोजणीच्या पद्धती भिन्न असल्या, तरी १९८६ च्या आकड्यांशी तुलना करता अंतर डोळ्यांत भरते.

या इतिहासातून स्वयंसेवकाचे कार्य व्यर्थ होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पहिले अक्षर त्याने दिले आणि ते इतक्या अल्प काळात इतक्या लोकांना दुसरे कोणी देऊ शकले नसते. पण शिकलेले अक्षर वापरात राहण्यासाठी गावात वृत्तपत्र यावे लागते, वाचनालय उघडे असावे लागते, पीकविक्रीची पावती त्या शेतकऱ्याच्या भाषेत असावी लागते. ही तजवीज एकट्या उत्साही तरुणाने करावयाची नसते. ती शासनाने व समाजाने करावयाची असते. शाळेचे माजी विद्यार्थी आज अनेक ठिकाणी रात्रवर्ग, वस्तीवरील अभ्यासिका, पुस्तकपेढ्या चालवितात. वर्ग सुरू करतानाच, वर्ग संपल्यावर हे विद्यार्थी काय वाचतील आणि ते त्यांना कोण पुरवील, हे ठरवून घ्यावे, एवढाच टांझानियाच्या अनुभवाचा त्यांना सांगावा आहे.