सारख्या दिसणाऱ्या माशांच्या जातींची ओळख

पुण्याच्या शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या देवळाजवळून मुठा नदी वाहते व पुढे संगमावर मुळेस मिळते. या मुळा-मुठेतील, पुण्याच्या पूर्वेस सापडलेल्या एका महसीर माशाचे वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले व त्यास ‘खुद्री’ हे नाव दिले. आजही दख्खनच्या महसीराचे शास्त्रीय नाव तेच आहे. तेव्हा अमुक मासा खुद्री आहे किंवा नाही, हे ठरविताना मूळ तुलना याच नदीच्या माशाशी करावी लागते.

ही तुलना नुसत्या डोळ्यांनी करणे फसवे ठरते. महसीराचा रंग पाण्याप्रमाणे बदलतो. एकाच जातीतील काही माशांचे ओठ जाड, तर काहींचे पातळ असतात. समुद्रातील पाकटांचीही हीच गत आहे. काही जातींच्या पाठीवरील ठिपके वयाबरोबर बदलतात आणि पिल्लू व मोठा मासा निराळ्या जातींचे वाटतात.

चुकीच्या ओळखीचे परिणाम कावेरी नदीत दिसून आले. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढविलेली महसीराची बोटुकली १९७० नंतरच्या काळात इतर नद्यांबरोबर कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा होता; त्याच्या पाठीस कुबड व परांस नारिंगी छटा असे. गळ टाकणाऱ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, परंतु त्याचे शास्त्रीय नाव निश्चित नव्हते. २०१८ साली डीएनए व शरीररचना या दोन्हींच्या आधारे तो केरळातील पांबार नदीतून वर्णिलेल्या ‘रेमादेवी’ जातीचा असल्याचे सिद्ध झाले. तोपर्यंत तो अत्यंत दुर्मिळ झाला होता, आणि बाहेरून आणलेला महसीर हे त्याचे एक कारण मानले जाते. नाव मिळाले, पण फार उशिरा.

डीएनए म्हणजे प्रत्येक पेशीत असलेली, चार अक्षरांनी लिहिलेली वंशाची पोथीच होय. तिच्यातील सुमारे ६५० अक्षरांचा एक ठराविक भाग प्रयोगशाळेत वाचतात. एका जातीच्या माशांत तो बहुधा जवळजवळ सारखा असतो. दोन जातींत अधिक फरक आढळतो. २००३ सालापासून ही पद्धत प्राण्यांच्या ओळखीसाठी जगभर प्रचारात आली.

नमुना घेण्यासाठी मासा मारावा लागत नाही. परातील नखाएवढा तुकडा स्वच्छ कात्रीने कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मॅलिन मुळीच वापरू नये, त्याने डीएनए खराब होतो. दर माशानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तिच्यावर नदी अथवा तळे, गाव व तारीख असावी. सोबत माशाचे छायाचित्रही घ्यावे.

या पद्धतीस एक मर्यादा आहे. वर सांगितलेला भाग केवळ आईकडून येतो. कटला व रोहू यांचा संकर झाला असल्यास पिल्लू आईच्याच जातीचे ठरते आणि संकर उघडकीस येत नाही. मत्स्यबीज केंद्रात निरनिराळ्या जातींचे प्रजनन एकाच टाकीत केल्यास असे संकर होतात. ते शोधण्यासाठी आई व बाप दोघांकडून येणारा, पेशीकेंद्रातील डीएनएही तपासावा लागतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी प्रत्येक तळ्याचा खर्च या तपासणीवर करावा असे मुळीच नाही. घरच्या शेततळ्यात रोहू सोडणाऱ्या शेतकऱ्यास बीज कोणत्या केंद्रातून आले, त्याची पावती जपून ठेवणे पुरेसे आहे. नदीत किंवा नदीस मिळणाऱ्या तलावात महसीराची बोटुकली सोडावयाची असल्यास मात्र तेथील मूळ माशाची जात आधी तपासून घ्यावी व तोपर्यंत बोटुकली सोडू नये.