न बोलता दिलेली साक्ष

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीसारख्या तालुक्यात ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच. त्यांच्या रविवारच्या उपासनेला शेजारीपाजारी जात नाहीत. पण किराण्याची उधारी कोण वेळेवर चुकवतो, मयतीला कोण धावून येतो, मजुराचे पैसे देताना कोण खळखळ करतो, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. मराठी ख्रिस्ती मंडळींत अशा वागण्यालाही श्रद्धेची ‘साक्ष’च म्हणतात. नागपूर परिसरात या साक्षीला जुना इतिहास आहे, आणि वादही.

शिकवण काय सांगते

डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो, तुमची सत्कृत्ये लोकांना दिसू द्या. पुढे त्याच प्रवचनात दानधर्म मात्र गुपचूप करा, अशी ताकीद देतो. वरवर हे परस्परविरोधी वाटते. मेळ लागतो तो हेतूपाशी: कृत्य पाहून लोकांनी देवाची थोरवी गावी, करणाऱ्याची नव्हे. पेत्राचे पहिले पत्र आणखी पुढे जाते. नवरा देवाचे वचन मानत नसेल, तर बायकोच्या नुसत्या वागणुकीने तो जिंकला जाईल, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत गाजलेल्या ख्रिस्ती घरात, कवी टिळकांच्या घरी, नेमके उलटे घडले: आधी वचन मानले ते नवऱ्याने.

गाडीतला सहप्रवासी

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. राज्य गोऱ्यांचे, तरी या गृहस्थांनी टिळकांशी बरोबरीच्या नात्याने, अदबीने बोलणे सुरू केले. विषय निघाला संस्कृत काव्याचा. धर्माची गोष्ट त्यानंतर आली. निरोप घेताना त्यांनी नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही, पण वाचायचा शब्द दिला होता. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुस्तक अनेकांना मिळाले असेल. ते उघडावेसे वाटले ते देणाऱ्याच्या वागण्यामुळे, असे मला वाटते.

पत्नी लक्ष्मीबाई मात्र हादरून गेल्या. काही वर्षे दुराव्यात गेली. पुढे नवऱ्याच्या घरी राहायला आल्या तेव्हाही त्यांचे सोवळेओवळे कायम होते आणि टिळकांनी त्यात आडकाठी केली नाही. जातिभेदाचा पीळ त्यांच्या मनातून हळूहळू, स्वतःच्या विचाराने सुटला. मग त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सारे त्यांच्याच मिश्कील भाषेत भेटते. १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला, त्याचे दार बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुले होते.

ऐकून घेणारा मिशनरी

स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा काढली, प्रवचने केली, दगडमातीचा अभ्यास केला. गोंडांकडून त्यांच्या लिंगो या दैवताची कथा ऐकून त्यांनी ती टिपून घेतली, हे काम मला जास्त मोलाचे वाटते. ज्यांना आपला धर्म सांगायचा, त्यांचे दैवत आधी समजून घ्यावे, एवढे सौजन्य त्या काळी सगळ्यांत नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

दवाखाना आणि संशय

पुरुष डॉक्टरांपुढे जायला संकोचणाऱ्या बायकांसाठी मिशनच्या डॉक्टरीणबाई नागपुरात आल्या. त्यातून मूर मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. पण सेवा आणि आमिष यांतली रेघ कुठे? हा प्रश्न नागपुरातच कडाडून विचारला गेला. शहर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ मध्ये, माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. धर्मांतरासाठी शाळा-दवाखान्यांचा वापर होतो, असा ठपका तिच्या १९५६ च्या अहवालाने ठेवला. ख्रिस्ती संस्थांना तो एकतर्फी वाटला. समितीचे सगळे निष्कर्ष मलाही पटत नाहीत. मूळ प्रश्न मात्र रास्त होता.

संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्मप्रसाराचा हक्क आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगता येतील, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही.

गावपातळीवर

तेव्हा पारशिवनीच्या एखाद्या मंडळीने आरोग्य शिबिर घ्यायचे ठरवले, तर नावनोंदणीच्या टेबलावर पत्रके ठेवू नयेत. औषध घेतलेल्याला प्रार्थनेला थांबवू नये. मदत गावातल्या कुणालाही, धर्म न विचारता मिळावी, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस स्वतःच्या देवळात दिसला तरी मिळत राहावी. कुणी आपणहून विचारले, की तुम्ही हे का करता, तर मग मोकळेपणाने सांगावे.