दालचिनीचें तेल : साल आणि पान

दालचिनीचें तेल या एका नांवाखालीं बाजारांत दोन निराळीं तेलें विकलीं जातात. एक सालीचें व दुसरें पानांचें. सालीच्या तेलाचा दरवळ सिनामाल्डिहाइड या द्रव्यामुळें येतो. पानांच्या तेलांत युजेनॉलचें प्राबल्य असतें. लवंगेच्या तेलांतही मुख्य द्रव्य तेंच असल्यामुळें दोहोंचा वास जवळचा वाटतो. बाटली घेतांना साल कीं पान, हें प्रथम वाचावें.

हीं तेलें बुरशीची व जंतूंची वाढ रोखतात, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. तैवानांत २००४ सालीं तेथील एका जातीच्या दालचिनीच्या पानांचें तेल डांसांच्या अळ्यांना मारक ठरलें. परंतु परीक्षानळींतील यश म्हणजे रोग्याच्या शरीरांतील यश नव्हे. मधुमेहावर किंवा पोटदुखीवर हें तेल थेंबाथेंबानें पिणें सर्वथा अयोग्य होय.

घरांत त्याचा खरा उपयोग सुगंधाचा. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून तो लहानशा वाटींत, कपड्यांना न लागेल असा, कपाटांत ठेवावा. हें तेल पाण्याहून जड असून त्यांत मिसळत नाहीं. म्हणून स्नानाच्या पाण्यांत घातल्यास तें तसेंच अंगाला लागून आग करतें. निव्वळ तेल त्वचेवर केव्हांही चोळूं नये. चुकून लागल्यास साबणानें धुवावें. पोटांत गेल्यास ओकारी न काढतां तत्काळ डॉक्टरांस गांठावें. बाटली कांचेची, घट्ट बुचाची असावी व मुलांच्या हातीं लागूं नये.

स्वयंपाकाला मात्र सालीचा तुकडाच पुरेसा आहे.