गाडीतील विजेरी

मुलांनो, समजा, रात्रीची वेळ आहे. तुमची गाडी भिवंडीहून मालेगावला निघाली आहे. कसारा घाटात चाक पंक्चर झाले. चाक बदलायला उजेड हवा. मोबाइलचा दिवा आहे. पण मदतीला कोणाला बोलवायचे, तर मोबाइल चालू राहिला पाहिजे. म्हणून गाडीत एक विजेरी, म्हणजेच टॉर्च, ठेवावी.

विजेरी महागच हवी असे नाही. एलईडी दिव्याची घ्या. जुन्या बल्बपेक्षा हा दिवा कमी विजेत जास्त उजेड देतो. चार्ज करावी लागणारी विजेरी नुसती पडून राहिली, तरी हळूहळू उतरते. त्यापेक्षा पेन्सिल सेलवर चालणारी बरी. हे १.५ व्होल्टचे सेल लहान गावातही मिळतात.

एक काळजी मात्र घ्या. उन्हात बंद गाडी फार तापते. विजेरीत राहिलेले सेल गळू शकतात आणि आतील पत्र्या गंजतात. म्हणून सेल वेष्टनातच, विजेरीजवळ ठेवा. ते डोळे मिटून बसवण्याचा सराव करा. महिन्यातून एकदा विजेरी लावून पाहा.

वेळेवर न लागणारी विजेरी कितीही स्वस्त असली, तरी महागच पडते.