तोच टोप, तोच भाव?

भांड्यांच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला टोप हवा असतो, किंमत टिपणाऱ्याला फक्त त्याचा भाव. तोही वाटेल त्या टोपाचा चालत नाही, गेल्या महिन्यात लिहिलेल्याच टोपाचा लागतो. ग्राहक किंमत निर्देशांक असा घडतो. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेसाठी देशातल्या १,११४ शहरी बाजारांतून आणि १,१८१ गावांतून भाव गोळा होत.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पेठेत भाव टिपणाऱ्या एका कर्मचाऱ्याबरोबर मी हिंडलो. भाजीबाजारातलं काम झटपट उरकलं. पाय अडकला तो चादर, चप्पल, बादली, कुकर यांच्यापाशी. वर्षाहून जास्त टिकणाऱ्या, पण फ्रिज-कपाटाइतकं आयुष्य नसलेल्या या निमटिकाऊ वस्तू.

“शेठ, पाच लिटरचा कुकर?”

“तोच भाव, साहेब.”

साहेबांनी तेवढ्यावर लिहिलं नाही. कुकर उलटा करून बूड पाहिलं, झाकण पाहिलं, यादीतल्या वर्णनाशी ताडलं. जुनं मॉडेल बंद झालं होतं. नवं महाग निघालं असतं, तर वाढीतली किती महागाई आणि किती जाड बुडाची किंमत, हे वेगळं काढावं लागलं असतं. उलटही घडतं. भाव तोच राहतो, पण पत्रा पातळ होतो. बादलीचं प्लास्टिक एक नंबरचं न राहता भंगारातून पुन्हा वितळवलेलं येतं. चादरीची वीण विरळ होते. छापील किमतीत यातलं काही दिसत नाही, म्हणून वस्तूचं वर्णन आधी बारकाईनं नोंदवून ठेवतात: आकार, वजन, कापड, बनावट. जुनी वस्तू मिळेनाशी झाली की तिच्या जवळची निवडतात. नवा भाव जुन्याला तसाच जोडला, तर दर्जातला फरक महागाई म्हणून मोजला जातो.

भाव म्हणजे तरी कुठला? डब्यावरची एमआरपी नव्हे, गिऱ्हाईक करासकट प्रत्यक्ष मोजतं ती रक्कम. त्यामुळे कर हलला की आकडाही हलतो. १ जानेवारी २०२२ पासून हजार रुपयांच्या आतल्या पादत्राणांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १२ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर तो ५ टक्क्यांवर आला. चप्पल तीच, शिवणाराची मजुरीही तीच, तरी भाव बदलला. छत्रीची गोष्ट आणखी वेगळी. हिवाळ्यात ती दुकानात नसतेच, मग त्या महिन्यांचा भाव अंदाजानं भरायचा.

गोळा झालेल्या भावांची साधी सरासरी काढत नाहीत. एका दुकानात बादली दुपटीनं महागली आणि दुसरीकडे निम्म्यावर आली, तर साधी सरासरी २५ टक्के महागाई दाखवते. इथे गुणोत्तर सरासरी वापरतात. दुप्पट आणि निम्मं एकमेकांना खोडतात, वाढ शून्य येते.

मग प्रश्न उरतो वजनाचा, म्हणजे घरखर्चातल्या वाट्याचा. टोप महिन्याला कोण घेतं? गेल्या ३० दिवसांत कपडे किती घेतले असं विचारलं, तर बहुतेक घरांचं उत्तर ‘काही नाही’ असेल, आणि दिवाळीनंतर विचारलं तर खर्च फुगलेला दिसेल. म्हणून २०११-१२ च्या ज्या खर्च पाहणीवरून २०१२ च्या मालिकेची वजनं ठरली, तिच्यात कपडे, अंथरूण-पांघरूण, पादत्राणं यांचा खर्च गेल्या ३६५ दिवसांचा विचारला होता. कपडे आणि पादत्राणांना १०० पैकी ६.५३ वजन मिळालं, खाण्यापिण्याला ४५.८६. त्यामुळे बातमीचा मथळा कांदा-टोमॅटोच ठरवतात. पण भाजीचे भाव हंगामाबरोबर खाली येतात, कुकरचा चढलेला भाव सहसा उतरत नाही. महागाई मुरली आहे का, हे पाहायला भांड्यांचं दुकान मंडईपेक्षा जास्त उपयोगी आहे.

रिझर्व्ह बँकेचं ४ टक्के महागाईचं उद्दिष्ट याच निर्देशांकावर मोजतात आणि त्यावर नजर ठेवून व्याजदर ठरतात. तेव्हा दुकानदार मंडळींनो, काही न घेता भाव विचारणारा, कुकर उलटासुलटा करणारा कुणी ओळखपत्र दाखवून गल्ल्याशी आला, तर ‘तोच भाव’ म्हणून त्याची बोळवण करू नका. माल बदलला असेल तर तेही सांगा. तुमच्या दोन मिनिटांच्या उत्तराचा अंश तुमच्याच कर्जाच्या हप्त्यात असतो.