एप्रिलमधली शाळा

वाशिम जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेचे वर्ष जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते आणि १ मे रोजी ध्वजवंदनानंतर निकालपत्रके वाटून संपते. या वर्षाचा शेवटचा टप्पा, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून महाराष्ट्र दिनापर्यंतचे आठ-नऊ आठवडे, बहुतेकांच्या हिशेबात उरलासुरला काळ असतो. अभ्यासक्रम संपलेला, दहावीची मुले गेलेली, ऊन तापलेले, परीक्षा घेतली की सुटी. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ग्रामीण माध्यमिक शाळेत कोण पुढच्या वर्गात येणार आणि कोण गळणार याचा निर्णय बहुतांशी याच आठवड्यांत होतो. म्हणून या सत्राचे घड्याळ आणि वेळापत्रक गाव, एसटी आणि पाणी पाहून शाळेच्या पातळीवर ठरले पाहिजे. सध्या ते पुण्याहून, अख्ख्या राज्यासाठी एकच ठरते.

या सत्रातला पहिला महिना मंडळाच्या परीक्षेचा. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी झाली, बारावीची त्याच्याही आधी, ११ फेब्रुवारीला सुरू झाली. ज्या शाळेला परीक्षा केंद्र मिळते तिथे पेपरच्या दिवशी इमारत मंडळाच्या ताब्यात जाते. बैठक क्रमांक टाकलेली बाके, दारावर बंदोबस्त, परिरक्षकाकडून येणारी सीलबंद पाकिटे, कधीही येऊ शकणारे भरारी पथक. अशा दिवशी पाचवी ते नववीच्या वर्गांना जागाच उरत नाही. जिथे केंद्र नाही तिथले शिक्षक पर्यवेक्षणासाठी दुसऱ्या गावी जातात. पेपर संपतात तोवर अमरावती विभागीय मंडळाकडून आलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासायला बसावे लागते, मग नियामकाकडे फेऱ्या. हे काम जबाबदारीचे आहे आणि शिक्षक ते निष्ठेने करतात. पण त्याची किंमत नववीचा वर्ग मोजतो. ज्या वर्गाला वर्षभरात सर्वांत जास्त उजळणीची गरज असते, त्याचे गणिताचे आणि विज्ञानाचे शिक्षक नेमके त्याच महिन्यात वर्गाबाहेर असतात.

मार्च सरता सरता सकाळची शाळा सुरू होते. मार्च २०२५ च्या अखेरीस उन्हामुळे राज्यभर शाळा सकाळी भरवण्याचा आदेश निघाला: प्राथमिक सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. विदर्भाला ही रीत नवी नाही. शनिवारची शाळा तर बारमाही सकाळचीच. पावणेपाच तासांत परिपाठ, छोटी सुटी आणि आठ तासिका बसवायच्या म्हणजे तासिका अर्ध्या तासाच्या आसपास येते. भाषेचा तास तेवढ्यात निभतो, विज्ञानाचे प्रात्यक्षिक निभत नाही. तरीही वर्गात बसलेल्या मुलाच्या दृष्टीने सकाळ चांगलीच. टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी बसवण्यापेक्षा अर्ध्या तासाची तासिका परवडली, यावर कुणी वाद घालू नये.

वाद आहे तो प्रवासाचा. वाशिम, कारंजा, रिसोड यांसारख्या गावांत राहणाऱ्या मुलाला सातची शाळा म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची चाल. पण माध्यमिक शाळा प्रत्येक खेड्यात नाही. चौथी किंवा सातवीपर्यंत गावची जिल्हा परिषदेची शाळा, पुढे मोठ्या गावातले विद्यालय, ही जिल्ह्यातली नेहमीची वाट. आठवी ते बारावीच्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातून निळ्या एसटी गाड्या धावतात, पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींना सायकली मिळतात. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांसाठी आखलेल्या या कार्यक्रमाने मुलींचे शिक्षण जेवढे पुढे नेले तेवढे फार थोड्या योजनांनी नेले असेल. मात्र त्या गाड्यांच्या वेळा साडेदहा ते पाचच्या शाळेला धरून बांधलेल्या असतात. शाळा सातला भरायची तर गाडी गावातून सहाच्या आधी निघायला हवी, आणि एप्रिलच्या सुरुवातीला इथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. गाडीची वेळ बदलली तर मुलगी अंधारात फाट्यावर उभी राहते, आणि बदलली नाही तर ती शाळेतच येत नाही. परतीचे गणित आणखी वाईट. पावणेबाराला सुटलेल्या शाळेतून फाट्यावर, गाडीची वाट पाहून, उतरून पुन्हा पायी घरी पोचेपर्यंत एक-दीड वाजतो. ऊन टाळण्यासाठी केलेली व्यवस्था तिला भर उन्हात रस्त्यावर आणते. शहरातल्या मुलाला जो दिलासा मिळतो, त्याचा भार खेड्यातल्या मुलीवर पडतो, आणि आदेशाच्या कागदावर मात्र दोघांची वेळ सारखी दिसते.

यात परीक्षेची भर पडली ती २०२५ मध्ये. पुण्यातल्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या संकलित मूल्यमापन-२ आणि नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे वेळापत्रक सगळ्या राज्याला एकच दिले: ८ ते २५ एप्रिल. मुख्याध्यापक आणि शिक्षक संघटनांनी हरकत घेतली. विदर्भात एप्रिलचा उत्तरार्ध म्हणजे चाळीस अंशांच्या वरचे दिवस. २५ तारखेला शेवटचा पेपर आणि १ मे रोजी निकाल, म्हणजे मधल्या पाच दिवसांत तपासणी, गुणनोंद, प्रगतिपत्रके आणि ऑनलाइन माहिती भरणे. शिवाय त्या अठरा दिवसांत महावीर जयंती, डॉ. आंबेडकर जयंती आणि गुड फ्रायडे या सुट्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्याअखेरीस, ६ एप्रिलला, रामनवमी. पोहरादेवीच्या यात्रेला बंजारा समाज दूरदूरहून येतो, आणि मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरच्या मुलांसाठी तो वर्षातला सर्वांत मोठा सण. ८ तारखेला पेपर ठेवणाऱ्याने ही गर्दी, ती परतीची वाहने डोळ्यांसमोर आणली असतील असे वाटत नाही.

इथे एक विसंगती स्पष्ट दिसते. विदर्भाचे ऊन वेगळे आहे हे राज्य सरकार जूनमध्ये मान्य करते. २०२४ मध्ये उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा १५ जूनला उघडल्या, विदर्भातल्या १ जुलैला. २०२५ मध्ये तिकडे १६ जून, इकडे २३ जून. ही सवलत वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि तिच्यामुळे शिक्षण बुडाले असे कुणी म्हणत नाही. मग जे हवामान जूनमध्ये वेगळे धरले जाते, ते एप्रिलमध्ये कोकणासारखे कसे धरता येईल? विदर्भाच्या आतही फरक आहेत. वाशिम शहर पाचशे मीटरहून अधिक उंचीच्या पठारावर आहे, खाली अकोल्याच्या सपाटीवर पारा त्याहून चढा असतो. एका विभागालाही एकच वेळापत्रक चपखल बसत नाही, तर राज्याला कसे बसेल.

परिषदेच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. एकच वेळापत्रक आले त्यामागे अनुभव होता. अनेक शाळा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच परीक्षा उरकत, आणि परीक्षा संपली की वर्ग ओस पडत. निकाल १ मेचा, पण शाळा प्रत्यक्षात तीन आठवडे आधीच संपलेली. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षात कामाचे किमान २३० दिवस भरले पाहिजेत आणि सगळ्या सुट्या मिळून ७६ दिवसांच्या वर जाता कामा नयेत. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने २२० दिवस आणि १००० तासांची अट घातली आहे. परीक्षेनंतरचे रिकामे दिवस या हिशेबात धरायचे आणि मुले मात्र घरी, ही मुलांचीच फसवणूक होती. तक्रार खरी होती. उपाय चुकला, असे माझे मत आहे. परीक्षा महिनाअखेरीस ढकलल्याने मुले शाळेत शिकत राहतील हे गृहीत धरले गेले. दोन-तीन दिवसांआड एक पेपर असेल तर खेड्यातले मूल पेपरच्याच दिवशी येते आणि पेपर झाला की जाते. मधले दिवस पुन्हा रिकामेच राहतात, फरक एवढाच की आता ते जास्त तापलेले असतात.

दुसरा आक्षेप तुलनेचा. चाचणी एकाच वेळी झाली नाही तर प्रश्नपत्रिका फुटेल, जिल्ह्याजिल्ह्यांच्या निकालांची तुलना करता येणार नाही. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या तीन विषयांच्या चाचणीपुरते हे मान्य करता येईल. ते तीन पेपर राज्यभर एकाच दिवशी घ्यावेत, फक्त मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. बाकीचे विषय शाळेने आपल्या सोयीने घ्यावेत. इतिहास-भूगोलाचा पेपर मानोऱ्यात आणि मालवणात एकाच सकाळी झाला पाहिजे असा कोणताही शैक्षणिक आधार सांगता येत नाही.

सीबीएसईप्रमाणे सत्रच १ एप्रिलला सुरू करावे हा विचारही मधल्या काळात पुढे आला. त्यासाठी वाशिमच्या जवाहर नवोदय विद्यालयाकडे बोट दाखवता येईल. तिथे सीबीएसईचा अभ्यासक्रम आहे, सत्र एप्रिलला सुरू होते आणि मुले शिकतात. पण नवोदय निवासी शाळा आहे. वसतिगृह, भोजनालय आणि वर्ग एकाच आवारात. तिथल्या मुलाला फाट्यावर उभे राहावे लागत नाही, पाण्याची बाटली दुपारी दीडपर्यंत पुरवावी लागत नाही. एप्रिलमध्ये शिकवता येते, हे नवोदय सिद्ध करते. प्रवास करणाऱ्या मुलाचे काय, याचे उत्तर तिच्याकडे नाही.

आता गळतीकडे येतो, कारण एप्रिलची हजेरी तिथेच जाऊन पोचते. या दिवसांत हरभरा आणि गहू निघालेला असतो, हळद काढून शिजवण्याचे, वाळवण्याचे काम कुठे चालू तर कुठे संपत आलेले, घरोघरी लग्नसराई. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परततात आणि त्यांच्याबरोबर चार-पाच महिने वर्गाबाहेर राहिलेली मुले. हाच तो काळ, जेव्हा शिक्षकाला अशा मुलाला गाठता येते, त्याची राहिलेली चाचणी घेता येते, पालकाला शाळेत बोलावता येते. नववीत हे अधिक निर्णायक. आठवीपर्यंत मुलाला शाळेबाहेर काढता येत नाही, दहावीत मंडळाची परीक्षा. मधल्या नववीत कच्च्या मुलाला थांबवले तर पुढच्या वर्षीचा दहावीचा निकाल उंचावतो, हा मोह शाळांना पडतो. थांबलेला मुलगा पुन्हा नववीत बसत नाही. तो कामाला लागतो आणि जमलेच तर सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसतो. मुलीच्या बाबतीत तो अर्जही क्वचितच भरला जातो. एप्रिलमध्ये तीन आठवडे सलग उजळणीचे मिळाले, तर यातली निम्मी नव्हे पण काही मुले नक्की वाचतील. वाशिम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. त्या कार्यक्रमात शिक्षणाला भरपूर वजन आहे. प्राथमिककडून माध्यमिककडे जाणाऱ्या मुलांचे प्रमाण, मुलींची स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, शाळेतली वीज, वेळेवर पुस्तके हे सारे मोजले जाते. महिन्यानुसार हजेरी मात्र तिथे मोजली जात नाही, आणि एप्रिलच्या हजेरीपटाइतके खरे बोलणारा दुसरा कागद शाळेत नसतो.

या काळात शिक्षक वर्गात कमी आणि गावोगाव जास्त दिसतात, याचे कारण संचमान्यता. पदे पटावर ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलले आणि लहान पटाच्या शाळांची धास्ती वाढली. त्यामुळे गुढीपाडव्यापासून खासगी अनुदानित विद्यालयांचे शिक्षक दुचाकीवरून चौथी आणि सातवीची मुले शोधत फिरतात. दाखला आमच्याकडे द्या, पुस्तके देतो, जाण्यायेण्याचे पाहतो. शिक्षकांना यात दोष देणे सोपे आहे, पण ज्याचे पद पटावर टांगलेले आहे त्याने दुसरे काय करावे? दोष त्या पद्धतीचा, जी नवीन मूल आणण्याला बक्षीस देते आणि आहे ते मूल टिकवण्याला काहीच देत नाही. एका मुलाच्या दाखल्यासाठी तीन शाळांचे शिक्षक एकाच अंगणात बसतात, आणि त्यांच्याच शाळेतल्या नववीच्या गैरहजर मुलाच्या घरी कुणी जात नाही.

मे महिन्यात वर्ग बंद होतात, कार्यालय बंद होत नाही. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. राज्य ९४.१० टक्के, अमरावती विभाग ९२.९५. त्याच वर्षी अकरावीचा प्रवेश प्रथमच राज्यभर ऑनलाइन झाला, आधी तो मोजक्या महानगर क्षेत्रांपुरता होता. खेड्यातल्या मुलासाठी याचा अर्थ असा की गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला घेऊन सेतू केंद्रात रांग लावायची, पसंतीक्रम भरायचे, आणि कोणते महाविद्यालय आपल्या गाडीच्या वाटेवर आहे हे स्वतःच शोधायचे. हे सांगणारे एकमेव माणूस म्हणजे शाळेतले लिपिक किंवा वर्गशिक्षक. ज्या शाळेत ते मेमध्ये आठवड्यातून दोन दिवस तरी बसतात, तिथली मुले अकरावीला पोचतात. या कामाची नोंद कुठल्याही पोर्टलवर होत नाही.

शाळेला मोकळीक दिली तर काही शाळा ढिलाई करतील, हा शेवटचा आक्षेप. करतील. पण ढिलाई एकाच वेळापत्रकातही झालीच आहे, फक्त ती कागदावर दिसत नाही. मोकळीक अटीसह द्यावी: २३० दिवसांचा हिशेब शाळेने जूनमध्येच फलकावर लावावा, एप्रिलची रोजची हजेरी पालक-शिक्षक संघापुढे ठेवावी, आणि परीक्षा आटोपल्यानंतर किमान दोन आठवडे नववीची उजळणी व पुढच्या दहावीची पायाभरणी सक्तीची असावी. वेळ मुख्याध्यापकाने एसटी पाहून ठरवावी. आठ ते बारा सोयीचे असेल तिथे आठ ते बारा, आणि जिथे परतीची गाडी चारनंतरच आहे तिथे पंखे, पाणी आणि दुपारच्या विसाव्याची सोय करून मुलींना शाळेतच थांबवावे. यासाठी सर्वांत आधी लागणारे पाऊल खर्चाचे नाही. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, तरी इथली आगारे एसटीच्या अकोला विभागातच आहेत. शाळांच्या बदलत्या वेळांची गावनिहाय यादी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयातून मार्चच्या पहिल्या आठवड्यात अकोल्याच्या विभाग नियंत्रकांकडे गेली, तर गुढीपाडव्यापर्यंत निळ्या गाड्यांचे नवे वेळापत्रक फाट्याफाट्यावर लावता येईल.