आश्रयगृहातून प्रयोगशाळेकडे

१८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल उसळली. पारशी पुढे होते, जैन आणि हिंदूही त्यांना मिळाले. दोन वर्षांनी मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. ज्याला धनी नाही त्यालाही अभय, ही तिची धारणा. विसाव्या शतकात अमेरिकेतील काही राज्यांनी अशाच निराधार जीवांविषयी नेमका उलटा कायदा केला.

मिनेसोटाने १९४०च्या दशकाच्या अखेरीस आणि न्यूयॉर्कने १९५२ मध्ये ठरविले की, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या आश्रयगृहातील ज्या कुत्र्या-मांजरांना मुदतीत कोणी नेले नाही, ती संशोधन संस्थेने मागितल्यास द्यावीच लागतील. युक्तिवाद व्यवहारी होता: जनावर मारले जाणारच, मग ते उपयोगी का पडू नये? त्यामागची गरज खोटी नव्हती. जन्मजात हृदयदोषाने निळ्या पडणाऱ्या बालकांवरील १९४४ची बाल्टिमोरची शस्त्रक्रिया व्हिव्हियन थॉमस यांनी आधी कुत्र्यांवरच सिद्ध केली होती.

जैन दर्शन मात्र कर्माचा जमाखर्च तीन खात्यांत मांडते: कृत, कारित, अनुमोदित. आश्रयगृहाच्या सेवकाने शस्त्र धरले नाही. पण पिंजऱ्याचे दार त्यानेच उघडले. आणि ज्याने रस्त्यावरचे जखमी पिल्लू विश्वासाने तेथे आणून सोडले, त्याच्या दयेचे काय झाले?

जेथे मागणी आहे तेथे दलाल येतो, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. १९६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका कुटुंबाची पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री नाहीशी झाली. हातोहाती विकली जाऊन ती न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात प्रयोगात मरण पावली. लोकक्षोभातून १९६६चा प्राणी कल्याण कायदा आला. न्यूयॉर्कची सक्ती मात्र हेन्री स्पायरा या शिक्षकाच्या मोहिमेनंतर, १९७९ मध्ये उठली. पुढे २००९ मध्ये राष्ट्रीय अकादमीच्या समितीनेच सांगितले की, दलालांकडील अशा जनावरांवाचून राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीवरील संशोधन अडत नाही. त्या संस्थेने २०१२ मध्ये दलालांकडील मांजरांसाठी आणि २०१४ मध्ये कुत्र्यांसाठी निधी देणे थांबविले.

प्रयोग थांबले नाहीत. त्यांसाठी मुद्दाम पैदास केलेले बीगल वापरले जातात, आणि तेही पंचेंद्रियच. २०२२ मध्ये व्हर्जिनियातील अशाच एका पैदास केंद्रातून सुमारे ४,००० बीगल सोडविले गेले. ते प्रथम आश्रयगृहांत आणि तेथून घराघरांत गेले.